पहाटे ५ ला उठल्याने पोस्ट निघत नाही

शास्त्री रस्ता

स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरांना सध्या जो तो एकच मंत्र देतोय. पहाटे ५ ला उठा, १२ तास बसा, मोबाईल कपाटात ठेवा. २१ दिवसांत सवय लागते. मानसिकता बदला, सरकारी पोस्ट तुमचीच. मी पुण्यात नव्या पेठेत अभ्यासिका चालवतो आणि हा मंत्र रोज टेबलाटेबलावर चिकटवलेला बघतो. सवय लागते आणि ती लागावीच, याबद्दल वाद नाही. पण ती ज्या पद्धतीने पोरांच्या गळ्यात मारली जाते त्याने त्यांचं नुकसान होतंय, हे मला ठामपणे म्हणायचं आहे.

आधी ते २१ दिवसांचं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नवा चेहरा आपला वाटायला किमान २१ दिवस लागतात. ते डॉक्टरचं निरीक्षण होतं, सवयींवरचा प्रयोग नव्हता. प्रयोग पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने एकच साधी गोष्ट रोज करायची. कुणी जेवणासोबत फळ खायचं, कुणी जेवणाआधी पळायला जायचं. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. टेबलावर चिकटवायचंच असेल तर हे चिकटवा.

कारण प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. पोरगं बहिणीच्या लग्नाला गावी जातं. चार दिवस बुडतात. परत आल्यावर ते भिंतीवरचा तक्ता फाडतं, नवा कागद आणतं, स्केचपेनने रकाने आखतं आणि पुन्हा 'दिवस १' लिहितं. अख्खी सकाळ त्यात जाते. तोपर्यंत जे वाचून झालेलं असतं ते कुठेच गेलेलं नसतं, पण त्याच्या मनात सगळं शून्यावर आलेलं असतं. काही पोरं वर्षानुवर्षं 'दिवस १' वरच असतात. ती आळशी नाहीत, हे मी पैजेवर सांगतो.

दुसरं, निकालाचे आकडे. यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले ५,८३,२१३. मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२७. शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. त्या १४,६२७ जणांना बसायची सवय नव्हती का? मानसिकता नव्हती का? तरी त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणांची पोस्ट निघाली नाही. जागाच तेवढ्या. अशा परीक्षेत पोराला 'तुझ्या सवयी चांगल्या असत्या तर निघाली असती' म्हणणं मला क्रूर वाटतं.

सवय लावा, पण ती निकालाच्या आमिषावर नको. मनोबलाच्या जोरावर तर नकोच. ठरलेली जागा, ठरलेला डबा, शेजारी बसणारा एखादा शांत मित्र, यांच्यावर सवय उभी राहते. बोला.

तालुक्याचं ठिकाण

सर, आदर राखून पण स्पष्ट विरोध. मी अशाच स्पर्धा परीक्षेतून आलो, आज महसूल खात्यात आहे. माझं गाव करमाळा तालुक्यातलं, कोरडवाहू. माझ्यासारख्याच्या हातात होतं काय? ओळख नाही, इंग्रजी नाही, क्लासची फी भरायची ऐपत नाही. वेळापत्रक मात्र फुकट मिळत होतं. ते एकच हत्यार आमच्याकडे असतं, आणि तुम्ही ते बोथट आहे म्हणताय.

तुमचे आकडेही एकतर्फी आहेत. ५ लाख ८३ हजारांत किती जण सिरीयस असतात हे अभ्यासिकेत बसून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. घरच्यांनी फॉर्म भरायला लावला म्हणून सेंटरवर जाऊन येणारे त्यात भरपूर. शेवटच्या टप्प्यात नशीब असतं, मान्य. पण त्या टप्प्यापर्यंत नशिबाने कुणी पोचत नाही, रोजच्या बैठकीने पोचतो.

आणि आता तर सवय जास्तच लागणार. एमपीएससीच्या राज्यसेवेची मेन्स २०२५ पासून वर्णनात्मक झाली. २०२३ मध्ये याच बदलावरून पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती, मग तो पुढे ढकलला गेला. पर्याय टिक करायची परीक्षा शेवटच्या तीन महिन्यांत घासून काढता यायची. उत्तर लिहायचा हात तीन महिन्यांत येत नाही. रोज एक उत्तर, वेळ लावून, हाताने. ज्याला ही सवय नाही त्याने कितीही वाचलं तरी हॉलमध्ये चौथ्या प्रश्नालाच मनगट दुखायला लागतं आणि शेवटचे प्रश्न कोरे राहतात.

पहाटेचं म्हणाल तर, दहा बाय दहाच्या खोलीत चार पोरं राहत असतील तर शांतता फक्त पहाटेच मिळते. आम्ही हौसेने उठत नव्हतो.

रात्रपाळी

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, एमपीएससीच्या कम्बाइनची, म्हणजे गट ब आणि क च्या संयुक्त परीक्षेची तयारी करते. पहाटे ५ ला मी वॉर्डात सलाईन बदलत असते. पुढच्या आठवड्यात सकाळपाळी, त्यानंतर दुपारपाळी. हे पहाटेचे सल्ले ज्यांचा स्वयंपाक आणि पाळी दुसरं कुणी सांभाळतं त्यांच्यासाठी असतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण 'शास्त्री रस्ता' सर, तुमची 'ठरलेली जागा'ही मला परवडत नाही. मी घड्याळ सोडून दिलं आणि कामाला काम बांधलं. ड्युटीवरून आले, अंघोळ झाली की पलंगाला पाठ टेकायच्या आधी मागच्या वर्षांच्या पेपरमधले दहा प्रश्न. मग ती वेळ सकाळी ९ ची असो नाहीतर रात्री १० ची. कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत चालू घडामोडींचं एक पान. पीटर गोल्वित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: 'मी अभ्यास करीन' असं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवलेलं जास्त पार पडतं. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही, आमचं सगळं घरच त्यावर चालतं. म्हणून सवय लागतच नाही असं नाही. तिला घड्याळाशी जखडू नका एवढंच.

उसाचा पट्टा

सगळे सवयीवर बोलताय, खिशावर कुणीच बोलत नाही.

२०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास आला होता. तीच माणसं, तोडणीच्या आधी आणि नंतर. आधी हातात पैसा नसतो, नंतर असतो. आकृत्या ओळखायची, लक्ष एकाग्र करायची तीच परीक्षा दोन्ही वेळा घेतली. पैसा आल्यावर त्याच माणसांना जास्त गुण. दोन्ही वेळी माणूस तोच, त्याची मानसिकताही तीच, मधल्या काळात कुणी व्याख्यान दिलं नव्हतं. डोक्यावरचं ओझं तेवढं उतरलं होतं.

आता आपल्याकडे या. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, कारखान्याने १४ दिवसांत द्यावी असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. बिल किती वेळा लांबतं हे सांगली-कोल्हापूर-सोलापूरच्या कुठल्याही घरात विचारा. बिल लांबलं की पुण्यातल्या पोराच्या मेसचे पैसे लांबतात. मेसवाल्या काकू दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा पोरगं दुपारचं जेवायलाच जात नाही. ते वडापाववर दिवस काढत असतं आणि समोर कागद असतो: 'विजेत्यासारखा विचार कर'. त्याचे विचार त्या वेळी खोलीभाड्यावर असतात, आणि ते बरोबरच आहे.

तालुक्याचं ठिकाण

दादा, आमच्याही घरी पैसे लांबायचे. मान्य की डोकं चालत नाही. पण बिल वेळेवर मिळवून देणं त्या पोराच्या हातात आहे का? नाही. आजची दुपार आहे. तुम्ही जे सांगताय ते सरकारला सांगा, मी पण तुमच्यासोबत येतो. पोराला सांगू नका, तो हातपाय गाळून बसेल.

उसाचा पट्टा

सांगितलंच पाहिजे. नाहीतर तो सगळा दोष स्वतःवर घेतो. कारण कळलं की माणूस उलट हुशारीने वागतो, मेसचे पैसे आधी मागतो, कमवा-शिकामध्ये नाव घालतो. पैशाची सोय करणं ही अभ्यासाची पहिली पायरी आहे हे त्याला कळू द्या.

गणिताच्या बाई

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मानसिकतेबद्दल थोडं बोलते, कारण तिला इथे दोन्ही बाजूंनी झोडपलं जातंय.

बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, ती कामाने वाढते, असं मुलांना पटवून दिलं तर फरक पडतो का? याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आली. नववीतली १२ हजारांवर मुलं, तासाभराहूनही कमी वेळाचा ऑनलाइन पाठ. मागे पडलेल्या मुलांच्या सरासरी श्रेणीत साधारण ०.१ ची वाढ झाली, चारपैकी. म्हणजे फरक पडला, पण एवढासा. ज्या शाळांमध्ये सोबतची मुलं अवघड प्रश्नाला भिडायला तयार होती तिथे तो टिकला. बाकीच्या ठिकाणी एकट्या मुलाच्या डोक्यात घातलेलं बी तसंच राहिलं. 'मानसिकता बदला, आयुष्य बदलेल' म्हणणारे हा आकार सांगत नाहीत, आणि 'मानसिकता वगैरे थोतांड' म्हणणारेही सांगत नाहीत.

मला जास्त काळजी वेगळीच आहे. सवय नेमकी कशाची लावताय? माझा भाचा याच परीक्षेला बसतो. त्याचं इतिहासाचं पुस्तक बघितलं. पहिल्या वाचनाला पिवळा हायलायटर, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला लाल पेन. पानावर पांढरं काही उरलेलं नाही. मी पुस्तक मिटलं, कोरा कागद दिला आणि म्हटलं, १८५७ च्या आधीच्या उठावांबद्दल आठवेल ते लिही. चार ओळींत थांबला. हा मुलगा रोज न चुकता बसतो हो! सवय पक्की आहे, पण ती पान ओळखीचं करून घ्यायची आहे, आठवायची नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हे दाखवलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. त्यामुळे किती तास बसला हा प्रश्नच मी मुलांना विचारत नाही.

प्लॅन बी

मी तयारी सोडली. आता चाकणला कंपनीत आहे, घर चालतंय, बरं चाललंय.

एक गोष्ट या चर्चेत कुणी बोललं नाही. राज्यसेवेला खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वय चालतं. म्हणजे 'अजून एक अटेम्प्ट' म्हणायला जवळपास अख्खी जवानी मोकळी. 'सोडू नकोस, सातत्य ठेव' हे वाक्य पंचविशीत आधार देतं, पस्तिशीत तेच माणसाला खोलीत डांबून ठेवतं. सातत्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने थांबायचं कधी तेही शिकवावं. सुरू करतानाच तारीख ठरवा, घरच्यांना सांगा, कागदावर लिहा. 'तालुक्याचं ठिकाण' सर, तुमची निघाली म्हणून तुमचं वेळापत्रक लोकांना दिसतं. माझंही तुमच्याइतकंच कडक होतं. ते कुणी विचारायला येत नाही.

तालुक्याचं ठिकाण

हे मनाला लागलं. तुमच्या वेळापत्रकात कमी काही नव्हतं, याबद्दल मला शंका नाही. थांबायची तारीख आधी ठरवावी, हे मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना आजपासून सांगेन.

शास्त्री रस्ता

'रात्रपाळी' ताई, तुमचं पटलं. मी जागेवर जोर दिला त्याला कारण आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पेठा रिकाम्या झाल्या, पोरं गावी गेली. इथे दिवसभर मान वर न करणारी पोरं फोनवर रडवेली होऊन सांगायची की घरात बसवतच नाही. वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. नव्या ठिकाणी भोवतालची परिस्थिती जुन्यासारखी राहिली तिथे सवयी टिकल्या, बदलली तिथे मोडल्या. पोरं ढिली पडली नव्हती, त्यांची खुर्ची गेली होती. पण तुम्ही जागेऐवजी कामाला बांधलंत, आणि काम तुमच्यासोबत सगळीकडे येतं. ज्यांना खुर्ची परवडत नाही त्यांना हेच सांगावं लागेल.

बाईंच्या सांगण्यावरून या आठवड्यापासून रात्री ८ ते ८.२० सगळ्यांनी पुस्तकं मिटायची आणि कोऱ्या कागदावर दिवसभराचं उतरवायचं, असं ठरवतोय. सक्ती नाही, पण दिवे चालू आणि बोलणं बंद. तक्ते काढायला सांगणार नाही, फक्त त्यावर 'दिवस १' पुन्हा लिहायचं नाही, पुढचा आकडा लिहायचा.

'तालुक्याचं ठिकाण' साहेब, पहाटेबद्दल आपलं जमणार नाही. पण उत्तरलेखनाचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे, आणि माझ्याकडे तपासणारं कुणी नाही. महिन्यातून एखादा रविवार याल का?

तालुक्याचं ठिकाण

येतो. दुसरा रविवार धरा, सकाळी ११ ला. उत्तरं हाताने लिहिलेली हवीत, शब्दमर्यादेत, आणि प्रत्येकावर किती मिनिटं लागली ते खाली लिहिलेलं. पहिल्या खेपेला वीसपेक्षा जास्त घेऊ नका, मला नीट वाचायची आहेत.