मदत हवी आहे: वसई किल्ला पाहायला वडिलांना न्यायचंय, कोणती गाईडेड सहल निवडू?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात कासारवडवलीला राहते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे बाबा निफाडहून आमच्याकडे येणार आहेत. वय ७६, दोन्ही गुडघे दुखतात, पण डोकं एकदम तल्लख. आयुष्यभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. वसईची मोहीम, म्हणजे चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून हा किल्ला जिंकला ती, शिकवायची असली की ते आधी फळ्यावर खडूने किल्ला काढायचे. तीन बाजूंना पाणी, उत्तरेला जमीन आणि त्या जमिनीकडच्या तटावर एक जाड ठिपका. तो सेबस्तियनचा बुरूज. मीही त्याच वर्गात बसले आहे, त्यामुळे तो ठिपका मला आजही दिसतो. आणि ज्या माणसाने शेकडो मुलांना वसई शिकवली त्याने स्वतः वसई कधीच पाहिलेली नाही. आधी नोकरी, मग आईचं आजारपण, असं राहूनच गेलं.

पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा मात्र त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. वसईच्या विजयानंतर नाशकात आलेली ती पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७२१ साल आहे. गोदेला पूर आला की पाणी घंटेला लागलं का, हे सगळं नाशिक विचारतं. बाबा म्हणतात, "घंटा बघितली, आता ती जिथून आली ते गाव एकदा बघू दे." हे वाक्य मी गेली दहा वर्षं ऐकतेय. यंदा नेणारच.

आता अडचण. शोधाशोध करून माझ्याकडे तीन पर्याय आलेत.

पहिला, रविवारी सकाळचा हेरिटेज वॉक. तीस-चाळीस माणसांचा गट, तीन तास चालत, सोबत एक माहीतगार. दुसरा, ठाण्याहून निघणारी एक दिवसाची बस. सकाळी सहाला तीन हात नाका, मग वसई किल्ला, अर्नाळा, वज्रेश्वरी, गणेशपुरी, रात्री परत, जेवण-नाश्ता त्यांचा. तिसरा, फक्त आपल्यासाठी गाईड ठरवायचा आणि गाडी आपली. हा अर्थातच महाग पडतो.

पैशांची ओढाताण नाही असं नाही, पण मला भीती वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बसच्या सहलीने बाबांना जंजिऱ्याला नेलं होतं. राजपुरीहून होडीत बसलो, किल्ल्यात उतरलो आणि पाऊण तासात सगळं उरकायचं होतं. कलाल बांगडी तोफेपाशी बाबा थांबले. तोफेवर हात ठेवून त्यांनी गाईडला विचारलं, हिचा पल्ला किती, कुठपर्यंत मारा व्हायचा? तो म्हणाला, "काका, ग्रुप पुढे गेलाय, चला." बाबा गप्प बसले आणि परतीच्या वाटेवर काहीच बोलले नाहीत. मला ते फार लागलं. तो मुलगा वाईट नव्हता, त्याला पुढची होडी गाठायची होती. पण असं पुन्हा व्हायला नको.

म्हणून विचारतेय. किल्ल्यात गाडी कुठपर्यंत जाते? गुडघे दुखणाऱ्या माणसाला काय काय बघता येईल? आणि मुख्य म्हणजे चांगला गाईड फोनवर ओळखायचा कसा? वेबसाइटवर सगळेच अनुभवी असतात. वसईच्या आणि जाऊन आलेल्या लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

– निफाडची लेक

पापडीकर:

ताई, मी वसईचाच, शाळा सुटली की आमचा मुक्काम किल्ल्यात असायचा. बसवाली सहल डोळे मिटून बाद करा. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, किनाऱ्यावरून होडीने जायचं आणि उतरताना पाण्यात पाय टाकावा लागतो. बाबांच्या गुडघ्यांना ते जमणार नाही. वज्रेश्वरीला पायऱ्या आहेत. तिचा वसईशी संबंध खराच आहे, चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला होता आणि विजयानंतर देऊळ बांधलं गेलं. पण त्यासाठी तो दिवस वेगळा काढा. चार ठिकाणं एका दिवसात म्हणजे प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचं आणि चढायचं, दुसरं काही नाही.

किल्ला प्रचंड आहे, ११० एकर म्हणतात. पण डांबरी रस्ता थेट किल्ल्याच्या पोटातून किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे जातो, त्यामुळे बहुतेक गोष्टींच्या जवळपर्यंत गाडी नेता येते. चिमाजी अप्पांचा घोड्यावरचा पुतळा रस्त्यालाच आहे. तिथून पुढे फ्रान्सिस्कन चर्च, जमिनीत पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. शिळा सपाट आहेत, चालायला त्रास नाही, फक्त काही ठिकाणी फरशी उचकटलेली आहे, हात धरा. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून देखणा उभा आहे. गोन्सालो गार्सिया वसईचेच, १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये ते संत झाले. गाईडने हे सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

शेवटी दर्या दरवाजा. त्याच्या जुन्या लाकडी दाराला हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे आहेत. बाबांना तिथे घेऊन जाच. जवळच सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आहे. मनोऱ्यात वर जाणारा गोल जिना आहे, पण बाबांना चढवू नका. खालून बघितला तरी डोळे भरतात.

तटावरचे जिने आणि बुरूज मात्र अवघड आहेत. सेबस्तियनच्या बाजूला झाडी फार माजलेली असते. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं एवढंच बरं.

उल्हासकाठ:

गाईड ओळखायची माझी पद्धत सांगतो, मी पंधरा वर्षं पाहुण्यांना फिरवतोय, पोटासाठी नाही, हौस म्हणून. फोनवर दोन प्रश्न विचारायचे.

एक, "मराठ्यांचे मोर्चे किल्ल्याच्या कोणत्या बाजूला होते?" समुद्र ऐकला की बरेच जण मराठे जहाजांतून आले असं रंगवून सांगतात. उत्तर जमिनीच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला, हे आलं पाहिजे. सुरुंग तिकडूनच लावले आणि मे १७३९ मध्ये सेबस्तियनपाशी तट फुटला. त्याने बुरुजाचं नाव घेतलं तर फोन ठेवू नका, पुढे बोला.

दोन, "वसईच्या तहाबद्दल सांगाल का?" चांगला माणूस आधी तुम्हालाच विचारतो, कुठला तह? कारण दोन आहेत. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली तो एक, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केला तो दुसरा. जो सरसकट एकच तह सांगतो तो पाठ केलेला भाग म्हणणार. त्याला मधेच थांबवलं की त्याचा धागा तुटतो, आणि तुमच्या बाबांसारखे लोक मधेच थांबवतात, थांबवलंच पाहिजे.

पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असलेले गाईड असतात, ते चौकस आणि बोलके असतात, पण त्यातले बरेच मुंबई दाखवण्यात मुरलेले असतात. वसईसाठी मला स्थानिक इतिहासवेडा माणूसच बरा वाटतो. ओळखपत्र आहे का हे विचारा, पण निर्णय त्या दोन प्रश्नांवर घ्या.

वाटसरू:

मी थोडं वेगळं म्हणेन. हेरिटेज वॉक एवढा टाकाऊ नाही. माझ्या सासऱ्यांना मी अशाच वॉकला नेलं होतं, गटात दोन निवृत्त शिक्षक भेटले, आता तिघं रोज फोनवर बोलतात. एकट्या गाईडबरोबर ते मिळत नाही. फक्त गट पंधरापेक्षा मोठा असेल तर जाऊ नका, शेवटच्या माणसाला काहीही ऐकू येत नाही. आणि आयोजकांना आधीच सांगा की एक आजोबा स्टूल घेऊन येतील. "चालेल" म्हणण्याच्या आवाजावरूनच कळतं.

निफाडची लेक:

वाटसरू, मुद्दा पटला, पण तीन तास सलग चालणं त्यांना झेपणार नाही. पुढच्या खेपेला नक्की. पापडीकर, तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, वाचून दाखवलं बाबांना फोनवर. थडग्यांच्या शिळांबद्दल ऐकून म्हणाले, "लेख वाचता येतील का रे अजून, विचार त्यांना."

पापडीकर:

काही वाचता येतात. सकाळी ऊन तिरकं असताना अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी सगळं पांढरं होतं. म्हणून नऊच्या आत तिथे या. रविवार टाळा, फोटोग्राफीवाल्या जोडप्यांची फार गर्दी असते.

घोडबंदरकर:

कासारवडवलीहून येताय तर एक सांगतो. पूर्ण रस्त्याने गेलात तर वर्सोव्याचा पूल लागतो. तिथे अडकलात की सकाळचं ऊन गेलंच. भाईंदर पश्चिमेच्या जेटीवरून रो-रो बोट वसईला जाते, २०२४ च्या फेब्रुवारीपासून सुरू आहे. गाडीसकट चढता येतं, पंधरा-वीस मिनिटांत वसईच्या किल्ल्याजवळ उतरवते. वेळा भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्या. बाबांना पाण्यातून वसईकडे जाताना तट दिसेल, हे मी फुकटात देतोय. परतीला वेळ उरला तर आपला घोडबंदरचा किल्ला करा, वाटेवरच आहे आणि फार चालावं लागत नाही.

आणि त्यांना आपलं ठाणंही सांगा. वसईच्या आधी १७३७ मध्ये ठाणे घेतलं होतं. त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, आत सोडत नाहीत, पण बाहेरून तट दिसतो.

निफाडची लेक:

ही बोट मला माहीतच नव्हती! पंधरा वर्षं इथे राहून. ठरवलं. गुरुवारी जातोय, बोटीने, स्थानिक गाईड घेऊन. तिघांना फोन केले. पहिल्याने मोर्चे समुद्राच्या बाजूला सांगितले. दुसऱ्याला उत्तर आलं, पण "साहेब, दोन तासांत उरकू" म्हणाला. तिसऱ्याने तहाबद्दल विचारल्यावर विचारलं, "पोर्तुगीजांचा की इंग्रजांचा?" त्याला पक्का केला.

(पाच दिवसांनी)

निफाडची लेक:

जाऊन आलो. ज्यांनी मदत केली त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते, पुढे कुणाला लागेल.

पहिली बोट भरली, दुसरीसाठी पाऊण तास थांबलो. शनिवार-रविवारी अजून थांबावं लागेल असं जेटीवरचे लोक म्हणाले. वृद्ध माणूस सोबत असेल तर पाणी आणि टोपी हवीच, सावली कमी आहे. घरून घडीचं स्टूल नेलं होतं, त्याचा इतका उपयोग झाला की काय सांगू. स्वच्छतागृहाचं मात्र घरून निघतानाच बघा, किल्ल्यात भरवसा धरू नका.

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये बाबा एका शिळेपाशी स्टूलवर बसले आणि बोटाने अक्षरं चाचपत राहिले. गाईड शेजारी उकिडवा बसला. त्याला पोर्तुगीज येतं थोडं, त्याने एक ओळ वाचली, बाबांनी साल वाचलं, मग दोघांनी मिळून नाव लावलं. तिथेच पन्नास मिनिटं गेली. मी घड्याळ बघितलं नाही.

सेंट जोसेफच्या मनोऱ्यापाशी बाबा वर बघत उभे राहिले. मनोऱ्याच्या खिडक्या रिकाम्या आहेत. त्यांनी गाईडला नारोशंकराच्या घंटेचं साल सांगितलं, त्याला ते ठाऊक होतं, पण पुराचं ठाऊक नव्हतं. मग बाबांनी त्याला गोदेच्या पुराचं सांगितलं आणि तो ऐकत बसला. सेबस्तियन आम्ही लांबूनच पाहिला. झाडी फार होती. बाबांनी काठीने जमिनीवर किल्ला काढला, तीन बाजूंना पाणी, आणि ठिपका कुठे येतो ते गाईडने बोटाने दाखवलं. ठिपका बरोबर जागी होता.

साडेतीन तास लागले, गाईडने एकदाही चला म्हटलं नाही. ठरलेल्यापेक्षा थोडं जास्त दिलं, तो घेत नव्हता. बाजारातून सुकेळी (वाळवलेली केळी) घेतली आणि घोडबंदर राहून गेला, बाबा गाडीत झोपले होते. उठल्यावर त्यांनी विचारलं, ठाण्याचा तट कारागृहाच्या कोणत्या रस्त्याने चांगला दिसतो? घोडबंदरकर, तुमच्याकडून तेवढं सांगाल का? ते सोमवारपर्यंत इथे आहेत.