दुभंगलेला, न सांधलेला की न भरलेला?

सांगलीहून: मध्ययुगीन सांगाड्यांतल्या जन्मजात मणकादोषांवर मुलांसाठी टिपण लिहितेय. त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या लगेच वरचं हाड. त्याच्या मागच्या अंगाला मणक्यांच्या कमानी असतात. काही सांगाड्यांत त्या मधोमध उघड्याच राहिलेल्या दिसतात. याला सर्रास 'दुभंगलेला कणा' म्हणतात आणि मला ते फार खटकतं. दुभंगतं ते आधी अखंड असतं. जमीन दुभंगते, घर दुभंगतं. इथं दोन्हीकडून वाढत आलेली टोकं एकमेकांना भेटलीच नाहीत. 'न सांधलेली कमान' चालेल का?

मिरजेहून: 'दुभंगलेला' नकोच. जुनं हाड हातात घेतलं की फरक बोटाला कळतो. जन्मजात फटीच्या कडा गुळगुळीत, गोलसर; कुदळीनं तुटलेली कड खरखरीत आणि आतून फिकट. उत्खननात आधी हेच तपासावं लागतं, आणि आपला शब्द नेमका हाच फरक पुसून टाकतो. पण 'सांधणं' मोडलेल्या हाडाचं. "प्लास्टर काढलं तरी हाड सांधलं नाही," असं आपण म्हणतोच की. 'जुळणं'चंही तेच.

वाईहून: बाळाला तेल घालताना आमची आजी टाळूवर तळवा ठेवून म्हणायची, "अजून भरली नाही गं." टाळू भरते, तशी ही कमानही भरायची असते. 'न भरलेली कमान' म्हणा. त्यात मोडतोड नाही, वाढीतच राहून गेलं एवढंच कळतं.

सांगलीहून: भरणं! हाच शब्द हवा होता. आणि इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, जो १४८५ मध्ये लढाईत पडला, त्याला 'जन्मजात कुबड' होतं असं लिहू ना?

मिरजेहून: दोन्ही शब्द गाळा. २०१२ मध्ये लेस्टरला त्याचा सांगाडा सापडला. कणा पुढे वाकलेला नाही, बाजूला वळलेला आहे. शिवाय ही वक्रता जन्मतः नव्हे, दहाव्या वर्षानंतर आलेली असावी, असं अभ्यासकांचं निदान आहे. जन्मजात बाकाला अर्ध्या मणक्याचं उदाहरण घ्या. तो एकाच बाजूनं वाढतो, कुऱ्हाडीच्या दांड्यातल्या पाचरीसारखा कण्यात बसतो आणि कणा एका अंगाला कलतो.

सांगलीहून: मग 'पाचरमणका' लिहिते. आमच्या मुलांनी पाचर ठोकताना पाहिलेली आहे.