व्याहीभेट राहूनच गेली : क्रॉसओव्हर फायटिंग गेम्सचे स्टोरी मोड

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. क्रॉसओव्हर फायटिंग गेम, म्हणजे वेगवेगळ्या मालिकांतली पात्रं जिथे एकत्र लढतात तो गेम, माझ्या लेखी दोन घरांचं लग्न. एकीकडची मंडळी आली, दुसरीकडची आली, आणि आपण मांडवाच्या दारात उभं राहून वाट बघतोय की आता हे एकमेकांना भेटणार कसे. लहानपणापासून ज्याला ओळखतो ते पात्र तितक्याच ओळखीच्या दुसऱ्या पात्राला पहिल्यांदा बघतं, तेव्हा ते काय बोलतं? माझा सगळा जीव त्या क्षणात असतो. मारामारी काय, व्हर्सस मोडमध्ये, म्हणजे नुसत्या समोरासमोरच्या लढतीत, रोज होते. आणि स्टोरी मोडमधून, म्हणजे गेममधल्या गोष्टीच्या भागातून, नेमकी ही व्याहीभेटच गायब असते.

तुम्हाला कुठली भेट हवी होती आणि मिळाली नाही, ते लिहा. नुसतं ‘बकवास गेम’ म्हणून सोडू नका, कुठे मन उतरलं ते सांगा. सुरुवात मी करते.

‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम : इन्फिनिट’ आला सप्टेंबर २०१७ मध्ये. एकीकडे मार्व्हल कॉमिक्सची पात्रं, दुसरीकडे कॅपकॉम ह्या गेम कंपनीची. त्याच दसऱ्याला दादा घरी आला होता. ह्या मालिकेत पहिल्यांदाच धड सिनेमासारखा स्टोरी मोड, म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं होतं की एकट्याने सुरू करायचा नाही. कल्पना इतकी सुंदर की आजही सांगताना हुरूप येतो. मार्व्हलचा अल्ट्रॉन आणि कॅपकॉमचा सिग्मा, दोन घरांतली दोन दुष्ट यंत्रं, इन्फिनिटी स्टोन ह्या अद्भुत रत्नांच्या जोरावर एक होतात आणि दोन्ही विश्वं एकमेकांत मिसळून टाकतात. ब्लॅक पँथरचं वाकांडा आणि ‘मॉन्स्टर हंटर’ गेममधलं वाल हाबर मिळून वाल्कांडा. थॉरचं अस्गार्ड आणि ‘मेगा मॅन एक्स’मधली एबल सिटी मिळून एक्सगार्ड. विचार करा, एका सकाळी उठलात आणि तुमच्या गावात दुसरंच गाव शिरलेलं! वाल्कांडातल्या लोकांना काय वाटलं असेल? ब्लॅक पँथरला आपल्या भूमीवर राक्षसी जनावरं मारणारे शिकारी बघून काय वाटलं असेल?

ते काही दिसत नाही. मुख्य कथा सुरू होते तेव्हा जगं एक होऊन गेलेली असतात आणि बहुतेकांच्या ओळखीही झालेल्या असतात. र्‍यू आणि कॅप्टन अमेरिका जुने सहकारी असल्यासारखे बोलतात. ओळख झाली कधी? आपण नसताना. मग लढाया कोणाशी? अल्ट्रॉनच्या ड्रोनांशी. पुन्हा ड्रोन. जागा बदलली की तिथले ड्रोन. दादा आधी प्रत्येक कटसीनला (मधल्या सिनेमासारख्या प्रसंगाला) पुढे सरकून बसत होता. तासाभराने त्याने कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘तू खेळ, मी बघतो.’ आमच्या घरात हे वाक्य तो फक्त झोप आल्यावर म्हणतो.

दोन गोष्टी अजून खुपतात. ब्लॅक पँथर आणि मॉन्स्टर हंटर कथेत महत्त्वाचे आहेत, पण खेळायला घ्यायचे तर वेगळे विकत. आणि १९९६ साली ज्या एक्स-मेनच्या जोरावर हे सगळं घराणं उभं राहिलं, त्यांच्यातला एकही ह्या लग्नाला नाही.

आता तुम्ही लिहा.

—

डोंबिवलीहून

ताई, तुम्ही १९९६ चं नाव काढलंत म्हणून लिहितोय. आमच्या वेळी स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’चं मशीन होतं. त्यात स्टोरी मोड वगैरे काही नव्हतं. शेवटी अपोकॅलिप्स यायचा, पडद्यात न मावणारा. त्याला हरवलं की वाटायचं संपलं. पण संपायचं नाही. इतका वेळ जो तुमचा जोडीदार होता, तोच समोर उभा राहायचा आणि त्याच्याशी लढावं लागायचं. मी र्‍यू आणि वुल्व्हरीन घ्यायचो. जिवाभावाच्या साथीदाराविरुद्ध बटणं दाबताना पोटात गोळा यायचा, हे मी पन्नाशीला आलोय तरी आठवतं. एक शब्द न बोलता त्यांनी कथा सांगितली.

पुढे २००० साली ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ आला. ५६ पात्रं! आणि शेवट? कोणीही तीन घ्या, ॲबिस ह्या शेवटच्या खलनायकाला तिन्ही रूपांत हरवा, सगळ्यांना एकच शेवट. आम्ही मित्रांनी वह्यांत याद्या केल्या होत्या, कुठले तीन घेतले की काय दिसेल. तीन-चार संघांनंतर कळलं की सगळ्यांना तेच दिसतं. यादी तिथेच थांबली. खेळ मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं खेळलो, तो खेळ म्हणून अप्रतिमच आहे.

—

न्यू जर्सीहून

मी स्वतः खेळत नाही, मुलगा खेळतो, मी शेजारी बसून पोळ्यांचं पीठ मळते किंवा लॅपटॉपवर काम करते. पण हा विषय माझ्या जवळचा आहे.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’, निन्टेंडोचा क्रॉसओव्हर, डिसेंबर २०१८. त्यातल्या ‘वर्ल्ड ऑफ लाइट’ ह्या स्टोरी मोडची सुरुवात पाहून मी पीठ सोडून उभी राहिले होते. सगळे योद्धे कड्यावर उभे, समोरून गॅलीम ह्या खलनायकाचे प्रकाशाचे झोत येतात आणि एकेक नाहीसा होतो. सॉनिक पळता पळता पिकाचूसाठी हात मागे करतो आणि तेवढ्यात दोघंही जातात. एकटा कर्बी ताऱ्यावर बसून सुटतो. लेक रडवेला झाला. म्हणाला, आता हा सगळ्यांना शोधून आणणार.

शोधून आणतो, खरंच आणतो. सत्तरच्या वर पात्रं एकेक करून सोडवायची. पण सोडवल्यावर काय होतं? काही नाही. पात्र यादीत जमा होतं आणि पुढचा ठिपका. ज्या दिवशी पिकाचू मिळाला, त्या दिवशी लेकाने मला हाक मारून बोलावलं, आता सॉनिकला तो भेटेल म्हणून. नकाशावर पुढचा रस्ता उघडला. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला आणि विचारलं, ‘आई, हे एकमेकांशी बोलत का नाहीत?’

मला उत्तर देता आलं नाही. तुमचा धागा वाचून ‘व्याहीभेट’ हा शब्द मिळाला.

—

कोल्हापूरहून

वरच्या ताईंच्या मुलाला कुणीतरी ‘ब्रॉल’ दाखवा. २००८ चा, त्याच मालिकेतला. त्यातल्या ‘सबस्पेस एमिसरी’ ह्या स्टोरी मोडमध्ये कोणी शब्द बोलत नाही, तरी भेटी आहेत. एका प्रसंगात फॉक्स आणि शीक जहाजावर एकमेकांवर तुटून पडलेले असतात. पीच येते, मधे उभी राहते आणि दोघांपुढे चहाचे कप धरते. दोघं गोंधळून कप घेतात. भांडण मिटलं! पात्रांचा स्वभाव माहीत असलेल्या माणसानेच हे लिहिलं असणार. त्या मालिकेचे दिग्दर्शक साकुराई यांनी नंतर सांगितलं होतं की कटसीन्स इंटरनेटवर लगेच फुटतात, मग खेळून ते मिळवण्याची गंमत उरत नाही, म्हणून पुढच्या भागात तसा मोड ठेवला नाही. त्यांचं दुःख समजतं. पण मी तो चहाचा प्रसंग आधी इंटरनेटवर पाहिला होता आणि तरी तिथपर्यंत खेळत गेलो, दोनदा.

—

पुण्याहून

‘जंप फोर्स’. फेब्रुवारी २०१९. ‘शोनेन जंप’ ह्या जपानी चित्रकथा-साप्ताहिकाच्या पन्नाशीचा सोहळा, गोकू, लुफी, नारुतो एका छपराखाली. कॉलेजात असताना आम्ही हॉस्टेलच्या चौघांनी वर्गणी काढून घेतला.

तुमचं स्वतःचं पात्र बनवा, ते ह्या सगळ्यांत सामील होणार. मी माझं पात्र बनवायला पूर्ण संध्याकाळ घेतली, केस, डोळे, सगळं. आणि माझं पात्र संपूर्ण कथेत तोंड उघडत नाही. मान हलवतं. समोर लुफी उभा आहे, ज्याच्यासाठी मी शाळेत मार खाल्लाय, आणि मी मान हलवतोय! बाकीचेही रांगेत उभे राहून बोलतात, चेहरे लाकडी, बऱ्याच संवादांना आवाजच नाही. मग लोडिंग. लढाई. लोडिंग. परत तळावर चालत या. तीन संघ आहेत, अल्फा गोकूचा, बीटा लुफीचा, गॅमा नारुतोचा. कुठलाही निवडा, मोहिमांचा साचा तोच.

सगळ्यात जास्त लागलं ते ‘डेथ नोट’च्या लाइट यागामीचं. लाइट आणि र्‍यूक हा मृत्युदेव कथेत आहेत. ज्याच्या हातात डोकं हेच हत्यार आहे, असा माणूस ह्या पैलवानांच्या घोळक्यात! केवढं नाट्य होतं त्यात. ते वर वर येतं आणि जातं. केन आणि गॅलीना हे दोन नवे खलनायक खुद्द ‘ड्रॅगन बॉल’कार तोरियामांनी रेखाटलेले, त्यांचीही तीच गत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये गेम डिजिटल विक्रीतून काढला आणि त्याच ऑगस्टमध्ये ऑनलाइन सेवाही बंद झाली. डिस्क आमच्यातल्या एकाकडे आहे. तिचं काय करायचं यावर चौघांचं एकमत नाही.

—

नागपूरहून

माझं मत थोडं वेगळं, राग नसावा. ‘मॉर्टल कॉम्बॅट व्हर्सेस डीसी युनिव्हर्स’ (२००८) ला लोक नावं ठेवतात. मॉर्टल कॉम्बॅटचा रेडन आणि डीसी कॉमिक्सचा सुपरमॅन एकाच क्षणी आपापल्या शत्रूला पोर्टलमध्ये ढकलतात, शाओ कान आणि डार्कसाइड मिळून डार्क कान होतो, आणि सगळ्यांच्या अंगात एक संताप शिरतो. त्या संतापाने शक्तींचं पारडं वर-खाली होतं, म्हणून सुपरमॅनलाही मार बसतो. पळवाट आहे, मान्य. दर भेटीत आधी संशय, मग हाणामारी, हेही मान्य. मला बॅटमन आणि स्कॉर्पियन एकदा तरी शांतपणे समोरासमोर हवे होते. दोघांचंही घर उद्ध्वस्त झालेलं आहे, दोघंही त्याच आगीवर जगतात. त्यांना बोलायला दोन मिनिटं कुणी दिली नाहीत.

पण एक गोष्ट त्यांनी केली. एकच घटना दोन्ही घरांच्या बाजूने स्वतंत्र खेळता येते, आणि कटसीनमधून थेट लढाईत शिरायचं ते तंत्र इथे आलं. पुढे २०११ चा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आणि २०१३ चा ‘इनजस्टिस’ ह्याच वाटेने गेले आणि दोन्ही मला फार आवडतात. त्यामुळे मी ह्या गेमवर रागावतो तेही हळूच.

—

मडगावहून

‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’, २०१२. दक्षिण ध्रुवावर पँडोराची पेटी पडते, सगळे तिकडे निघतात. ट्रेलर बघून मी महिनाभर झपाटलो होतो. गेममध्ये पेटी म्हणजे निघायला निमित्त, बस. १२ पात्रं डिस्कवर असूनही नंतर विकली गेली, तो राग सगळ्यांनी काढून झालाय. माझा राग पेटीवर आहे.

—

नाशिकहून

एक चांगलं उदाहरणही नोंदवते, नाहीतर वाटेल आपण अशक्य ते मागतोय. ‘टेकन ७’ क्रॉसओव्हर म्हणून आलेला नाही, पण त्यात स्ट्रीट फायटरचा अकुमा आहे. त्याला पाहुणा म्हणून कोपऱ्यात बसवलेलं नाही. काझुमीने कधीकाळी त्याचा जीव वाचवलेला असतो, आणि तिला दिलेल्या शब्दासाठी तो तिचाच नवरा हेहाची आणि मुलगा काझुया यांना संपवायला येतो. घरातल्या भांडणात परक्या माणसाचा शब्द गुंतला की तो परका राहत नाही. हेहाचीसमोर तो पहिल्यांदा उभा राहतो आणि काझुमीचं नाव घेतो, तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा बघा. मी तिथे थांबून पुन्हा सुरुवातीपासून लावलं होतं.

—

धागाकर्ती

नाशिकच्या ताई, तुमचा प्रतिसाद रात्री दादाला फोनवर वाचून दाखवला. त्याने ‘टेकन ७’ घेतलेला आहे पण स्टोरी मोड उघडलेला नाही, २०१७ नंतर तो कुठलाच उघडत नाही. दिवाळीला येतोय. कंट्रोलर चार्ज करून ठेवते.