पत्रा कौलांपेक्षा थंड? गनचा आकडा नेमका कशाचा?

खारावारा
कौलं उतरवून पत्रा घालायचा म्हटलं की गावात सगळे भट्टीचीच उपमा देतात. एप्रिलच्या दुपारी इन्फ्रारेड गन (न टेकवता लांबून तापमान दाखवणारं यंत्र) घेऊन आतून छपराकडे रोखा. मंगळुरी कौल ४६ अंश दाखवत असेल तिथे नवाकोरा साधा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला, बिनरंगाचा) पत्रा ४१ दाखवतो. कौलं शाकारायला दरवर्षी माणसं मिळत नाहीत, माकडं कौलं फोडतात ती वेगळीच. मग पत्र्याला नावं का ठेवायची?

कौलारू
कारण ४१ हे पत्र्याचं तापमान नाहीच. गन तापमान मोजत नाही. तिच्या भिंगात साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचं उष्णतेचं प्रारण शिरतं आणि त्यावरून ती तापमानाचा अंदाज बांधते. त्या अंदाजात इमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःचं प्रारण किती सोडतो त्याचं ० ते १ मधलं प्रमाण) ०.९५ गृहीत असते, स्वस्त गनमध्ये तर ती बदलताही येत नाही. कौलाची ०.९ च्या आसपास, म्हणून तिथे फारसं चुकत नाही. चकचकीत जीआयची जेमतेम ०.२५. म्हणजे चारातला एकच हिस्सा पत्र्याचा, बाकीचे तीन हिस्से तुमच्याच जमिनीचं आणि भिंतींचं प्रतिबिंब. पत्रा ६० आणि खोली ३३ धरून गणित मांडा, ४१ च येतं.

पटत नसेल तर तोच पत्रा शिडीवरून, वरच्या बाजूने मोजा. आता प्रतिबिंब निरभ्र आकाशाचं. आकाश गनला ५ अंश दिसत असेल तर पत्रा २१ दाखवेल. भर उन्हात पत्रा हवेपेक्षा गार? तळहात टेकवून बघा म्हणावं.

खरं तापमान हवं तर पत्र्याच्या खालच्या अंगाला काळ्या इन्सुलेशन टेपच्या तीन पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवा, म्हणजे ५ सेंमीचा ठिगळ होतो. टेपची इमिसिव्हिटी गनने धरलेल्या ०.९५ च्या जवळ असते. बुडबुडा राहू देऊ नका, दहा मिनिटं थांबा. गन १२:१ ची (१२ सेंमीवरून १ सेंमीचा गोल मोजणारी) असेल तर २०-२५ सेंमीवरून, शक्य तितकी सरळ धरा. जमिनीवर उभं राहून २.४ मीटरवरून मोजलंत तर स्पॉट, म्हणजे मोजला जाणारा गोल, २० सेंमीचा होतो. लाल ठिपका टेपवर दिसला तरी मोजणी भोवतालच्या पत्र्याची. आणि ठिगळ वरच्या अंगाला नको, काळी टेप ऊन खाऊन पत्र्याहून जास्त तापते.

तिरफळ
कपाळावर धरायची गन चालेल का? घरात पडून आहे.

कौलारू
नाही. ती शरीराच्या तापमानापुरती, ४२-४३ च्या पुढे नुसतं ‘हाय’ दाखवते.

खारावारा
पत्रा ६० आहे, मान्य. पण खाली खाटेवर पडलेला माणूस पत्र्याला हात लावत नाही, त्याला पोचतं ते प्रारण. ६० अंशांचा पृष्ठभाग ३३ अंशांच्या खोलीला जास्तीत जास्त २०० वॅट प्रति चौरस मीटर देईल, ०.२५ ने गुणा, ५० राहतात. ४६ अंशांच्या कौलाचे ९० गुणिले ०.९, म्हणजे ८१. अंगाला लागणाऱ्या झळीपुरती गन खरंच बोलते. तुमची टेप लावलीत की उलट ती झळ दिसत नाही!

आठ_ते_चौदा
खारावारांचा हा मुद्दा बरोबर आहे, आणि कौलवाले तो नेहमी सोडून देतात. पण त्याला दोन छिद्रं आहेत. हिशोबात फक्त प्रारण आलं. पत्र्याला चिकटलेली हवाही तापते. कौलांच्या फटींतून ती निसटते, पत्र्याखाली वाट ठेवली नाही तर माळ्यावर कोंडते. दुसरं छिद्र मोठं. ०.२५ हा आकडा नव्या पत्र्याचा. खाऱ्या वाऱ्यात जस्तावर पांढरी भुकटी धरते, मग गंज, आणि इमिसिव्हिटी ०.६-०.८ वर चढते. रंगीत पत्र्याला तर पहिल्या दिवसापासून दोन्ही अंगांना रंग, म्हणजे ०.९. तापमान तेच ६० असेल तर तुमचे ५० वॅट १८० होतात.

गनबद्दलही एक. एसी गाडीतून काढून लगेच रोखू नका. आपल्या दमट हवेत भिंगावर दव धरतं आणि आकडे भरकटतात. अर्धा तास सावलीत ठेवा. भिंगावरचं खारट पुटं शर्टाने पुसू नका, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल लावून हलकेच. तपासायला बारीक फोडलेला बर्फ मगात गच्च भरून थोडं पाणी, ढवळून वरून सरळ रोखा: शून्याच्या दोन अंश इकडेतिकडे चालेल, पाच अंशांचा फरक नाही.

खारावारा
रंगीत पत्र्यापुरतं म्हणणं मागे घेतो. साध्या जीआयचं कायम.

कौलारू
मग दर एप्रिलला त्याच जागी, त्याच वेळी दोन आकडे लिहा: टेपवरचा आणि शेजारच्या उघड्या पत्र्याचा. नव्या पत्र्यावर ६० आणि ४१, फरक १९. टेपवरचा आकडा आणि खोली तेवढीच असताना तो फरक ४ वर आला की इमिसिव्हिटी ०.८ झाली.