ढेकली बांधली, पण रिकामी बादली खाली जातच नाही – मदत हवी आहे

सिमरोलवाला:
नमस्कार मंडळी. इंदूरजवळच्या शेतातल्या विहिरीवर ढेकली बांधली आहे, म्हणजे टेकूवर आडवी दांडी, पुढच्या टोकाला बादली, मागच्या टोकाला वजन. भरलेली बादली झपकन वर येते, पण रिकामी खाली न्यायची तर दोरीला लोंबकळावं लागतं. वर येताना बादली कठड्याला आपटते आणि बरंचसं पाणी परत विहिरीत सांडतं. मिरची माना टाकून बसली आहे, वांग्याची फुलं गळताहेत. नेमकं काय बदलायचं ते सांगा, जरा लवकर. आणि कृपा करून मोटार लावायला सांगू नका.

खाननदीकाठ:
पाणी किती खोल आहे? दांडी किती लांब? टेकूपासून पुढे किती, मागे किती? मागे वजन काय बांधलंय? बादली किती लिटरची? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

ऊनपाणी:
मोटार नको म्हणालात, पण सौर पंपाचा विचार केलात का? केंद्राची कुसुम योजना 2019 मध्ये सुरू झाली, तिच्यात सौर पंपाला अनुदान ठेवलं होतं. विजेचं बिल नाही, रात्रपाळी नाही. आमच्या सांवेरकडच्या शेतावर बसवला आणि सगळी कटकट संपली. आजच्या काळात माणसानं बादल्या का ओढायच्या?

मोटकरी:
ढेकली हा खेळ झाला. पाणी काढायचं तर मोटेनं. हातोदजवळ आमच्या आजोबांच्या मळ्यात चडस होता, म्हणजे आपली बैलांनी ओढायची मोटच. कातड्याची, खाली सोंड असलेली. मोट ओढायचा दोर म्हणजे नाडा जाड, सोंडेचा दोर म्हणजे सोल बारीक. बैल धावेवरून, म्हणजे उतारावरून, खाली गेले की मोट वर येणार आणि सोलाच्या ओढीनं सोंड आपोआप थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या कुंडीत, मोकळी होणार. एका खेपेला शंभराच्या वर लिटर पाणी. आणि मोटकऱ्याचं गाणं ऐकलेला माणूस पंपाचा आवाज सहन करू शकत नाही.

सिमरोलवाला:
मोटकरी काका, बैल नाहीत. म्हणून तर ढेकली.

ऊनपाणी, सौर पंपही पंपच. विहीर नाल्याकाठची, जुनी, आवक बेताची. मोटार लावली की थोड्याच वेळात तळ दिसतो आणि गढूळ पाणी येतं. म्हणून हळूहळू काढायचं आहे.

दांडी निलगिरीची. पुढे 10 फूट, मागे 5 फूट. टेकू जमिनीपासून 6 फूट. मागे पिठाच्या गिरणीतला जुना दगड बांधला आहे, 60 किलोच्या आसपास. बादली पत्र्याची, 15 लिटर, दोरीला टांगलेली.

खाननदीकाठ:
खोली?

सिमरोलवाला:
हो, राहिलं. पाणी 11 फुटांवर. पाट जमिनीपेक्षा थोडा उंच आहे, म्हणजे बादली 2 फूट वर यायला हवी.

निवृत्त_यांत्रिक:
आता बोलता येईल. मागचा भाग पुढच्याच्या निम्मा, म्हणजे मागचे 60 किलो पुढच्या टोकाशी 30 किलो उचलतात. दांडी पुढच्या बाजूला लांब आहे, त्यामुळे तिचं स्वतःचं वजन पुढे झुकतं. 20 किलोची दांडी धरली तर टोकाशी 5 किलो वजा. उरले 25. रिकामी बादली 2 किलोची असेल तर दर खेपेला 23 किलो तुम्ही खाली खेचताय. भरलेली बादली 17 किलोची, म्हणजे दगड तरीही 8 किलोनं भारी. म्हणून ती झपकन वर येते, हिंदकळते आणि सांडते. तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे: दगड फार जड आहे.

मागच्या वजनानं रिकामी बादली आणि निम्मं पाणी तोलायला हवं, त्याहून जास्त नाही. मग खाली नेताना साडेसात किलो ओढायचं आणि वर आणताना साडेसात किलो उचलायचं. कागदावर गणित नको असेल तर बादली अर्धी भरून टांगा. दांडी आडवी थांबेपर्यंत मागचं वजन कमी करत जा. तुमच्या मापांना ते 30 किलोच्या जवळपास येईल.

मोटकरी:
हे पुस्तकातलं झालं. खाली खेचताना माणूस अंगाचं वजन टाकतो, वर उचलताना मात्र कंबर आणि खांदे जातात. जुने लोक वजन थोडं जडच ठेवायचे, ते काही वेडे नव्हते. निम्म्याचा हिशेब केलात तर संध्याकाळी पाठ धरेल.

निवृत्त_यांत्रिक:
थोडं जड ठेवायला माझी हरकत नाही. 30 चे 35 करा. पण 60 नव्हे. 23 किलो दर खेपेला, मिनिटाला तीन खेपा, हे तासभर कुणी करू शकत नाही.

बागवाली:
मी रत्नागिरीकडची, लग्नानंतर इंदूरला आले. आमच्याकडे पोफळीच्या बागेत विहिरीवर लाट, म्हणजे ढेकलीच, असायची. माझे बाबा सकाळी उठून लाटेनं पाणी काढायचे आणि आई पाटाचं पाणी एकेका झाडाला फिरवायची. दादा, तुम्ही बादली दोरीला टांगली आहे, तिथे बांबू घाला. दोरीनं फक्त ओढता येतं. बांबूनं बादली पाण्यात दाबून बुडवता येते, वर आणताना कठड्यापासून लांब धरता येते आणि पाटात ओतताना तिरकीही करता येते. पत्र्याची हलकी बादली पाण्यावर तरंगत राहते, तीही अडचण जाईल. बांबू सरळ आणि भरीव घ्या, पेरं तासून गुळगुळीत करा. नाहीतर तळहाताची सालं निघतात.

निवृत्त_यांत्रिक:
बरोबर. बांबूचे 3 किलो धरले तर मागचं वजन 40 पर्यंत न्या. मोटकरींचंही समाधान होईल.

मोटकरी:
माझं समाधान मोटेनंच होईल.

रामबागकर:
अतिशय आनंद झाला धागा पाहून. हे साधन किती जुनं आहे याची कल्पना येत नाही लोकांना. मेसोपोटेमियातल्या चार हजारांहून जास्त वर्षं जुन्या मुद्रांवर ते कोरलेलं आहे. इजिप्तमध्ये नवराज्याच्या काळात आलं. तिथल्या थडग्यांच्या भिंतींवर बागेला असंच पाणी देणारे माळी रंगवलेले आहेत, आणि शडूफ नावानं ते नाईलकाठी परवापरवापर्यंत चालू होतं. बिहारमध्ये मगधात लाठा-कुंडी म्हणतात. तमिळनाडूत तर माणूस दांडीवरच पुढे-मागे चालतो आणि आपल्या वजनानं बादली खालीवर करतो, त्यामुळे जास्त खोलीवरूनही पाणी निघतं. आणि आपल्या माळव्याची तर म्हणच आहे, 'डग डग रोटी, पग पग नीर', म्हणजे पावलोपावली भाकरी आणि पाणी.

खाननदीकाठ:
पग पग नीर कुठे राहिलंय, रामबागकर? 1990 मध्ये देवासला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इंदूर नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून आणतं, म्हणून आपल्या नळाला पाणी येतं. जिकडे तिकडे बोअर खणून वरच्या विहिरी आपणच आटवल्या. सिमरोलवाल्यांची विहीर 11 फुटांवर पाणी देते, हे भाग्य समजा.

रामबागकर:
हे मान्य. पण म्हणून जुनं विसरायचं का?

ऊनपाणी:
तमिळनाडूसारखं दांडीवर चालायचा सल्ला कुणी घेऊ नका. सहा फुटांच्या टेकूवर दांडी निसटली तर माणूस थेट विहिरीत.

बागवाली:
या एका बाबतीत ऊनपाणी यांच्याशी सहमत.

पायडलवाला:
सगळे ढेकलीवर अडलेत. ट्रेडल पंप का नाही? 1980 च्या सुमारास बांगलादेशात निघाला, तिथल्या लाखो छोट्या शेतकऱ्यांनी वापरला. पायांनी चालवायचा, माणसाच्या सगळ्यात मोठ्या स्नायूंवर. पाणी शोषून वर ओढायची मर्यादा समुद्रसपाटीवर 10.3 मीटर, इंदूर 550 मीटर उंचीवर म्हणून साडेनऊच्या थोडी वर, प्रत्यक्षात 6–7 मीटर धरा. तुमचं पाणी साडेतीन मीटरवर. आरामात चालेल.

निवृत्त_यांत्रिक:
पंप चांगला आहे. पण गढूळ पाण्यात वॉशर आणि झडपा लवकर जातात, आणि त्यांची विहीर गाळ देते असं तेच म्हणाले. ढेकलीत झिजण्यासारखं काय, तर एक खीळ.

पायडलवाला:
फुटव्हॉल्वला, म्हणजे नळीच्या तळाच्या झडपेला, जाळी लावा, टोक तळापासून दोन फूट वर ठेवा. एवढं केलं तर गाळ येत नाही.

निवृत्त_यांत्रिक:
पाणीच दोन-तीन फूट उरलं असेल तर?

पायडलवाला:
ते त्यांनी सांगितलेलं नाही.

खाननदीकाठ:
तेच मी विचारणार होतो. सिमरोलवाले, विहिरीचा व्यास किती? पाणी किती फूट उभं आहे? रात्रीत किती चढतं? आणि भाजी किती जागेत?

सिमरोलवाला:
अर्धा बिघा. पण मला ढेकलीबद्दल विचारायचं होतं, शेतीबद्दल नाही.

खाननदीकाठ:
बिघा गावागणिक बदलतो, चौरस फुटात सांगा. आणि ढेकलीचा प्रश्न पाण्याच्या हिशेबाशिवाय सुटत नाही.

सिमरोलवाला:
प्रत्यक्ष भाजी 6000 चौरस फुटांत. वांगी, मिरची, मेथी, कडेनं गिलकी (घोसाळी). विहीर 8 फूट व्यासाची, पाणी 5 फूट. काल संध्याकाळी काठीला खूण केली होती, आज सकाळी पाणी दीड फूट वर होतं. दगड उतरवून त्याजागी विटांचं पोतं बांधलं, अर्ध्या बादलीला दांडी आडवी थांबते. फरक खूप आहे, आता माझी पुतणीसुद्धा पाणी काढू शकते. बांबू अजून मिळालेला नाही. बादली अजूनही कठड्याला लागते.

निवृत्त_यांत्रिक:
छान. कठड्याचं कारण वेगळं आहे. तुम्हाला 13 फूट उंची हवी आणि पुढची दांडी 10 फूट, म्हणजे ती आडव्या रेषेच्या वर आणि खाली 40 अंशांपर्यंत झुकते. तेवढ्यात तिचं टोक आडवं सुमारे 2.4 फूट सरकतं. आठ फुटांच्या विहिरीत ते कठड्याला लागणारच. पुढचा भाग 15 फूट केलात तर झुकाव 26 अंश आणि सरकणं दीड फूट. मागचा भागही त्याच प्रमाणात वाढवा, साडेसात फूट. टेकू 8 फुटांवर न्या. लांब दांडी स्वतः जड असते, म्हणून अर्ध्या बादलीची परीक्षा पुन्हा घ्या.

बागवाली:
लांब दांडी निलगिरीची घेणार असाल तर बुंधा मागे, शेंडा पुढे. मागचं वजन तेवढं कमी लागतं. आणि टेकूला बाभळीचं दुबेळकं, म्हणजे दोन फाटे फुटलेलं लाकूड, मिळालं तर उत्तम, लोखंडी खीळ त्यातून आरपार.

खाननदीकाठ:
टेकू किती खोल गाडलाय? तिकडची माती काळी आहे. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात. ढेकलीखाली पाणी सांडतच राहणार, त्यामुळे खांब कलंडतो. मुरूम लागेपर्यंत खणा, भोवती गिट्टी ठासून भरा, माती परत टाकू नका.

सिमरोलवाला:
दोन फूट गाडलाय. थोडा कललाच आहे, ते विचारायचं राहिलं होतं. करतो.

खाननदीकाठ:
आता पाणी. 8 फूट व्यासात एक फूट पाणी म्हणजे सुमारे 1400 लिटर. रात्रीत दीड फूट म्हणजे 2100. दिवसाही साधारण तेवढंच झिरपेल असं धरलं तर रोजचे चार हजार लिटर, आणि उन्हाळ्यात ते कमी होत जाणार. तुमच्या 6000 चौरस फुटांना 3 सेंटीमीटरची एक पाळी द्यायची तर पावणेसतरा हजार लिटर लागतात, म्हणजे चार दिवसांची सगळी आवक. ढेकलीनं तासाला दोन हजार लिटर निघाले, तरी दिवसाला दोन तासांचं काम. म्हणजे ढेकली पुरेशी आहे, विहीर जेमतेम आहे. म्हणून दांडी कितीही सुधारलीत तरी एप्रिलमध्ये सगळ्या वाफ्यांना पुरणार नाही. मेथी निघाली की ती जागा रिकामी ठेवा.

ऊनपाणी:
म्हणजे शेवटी बोअरच!

खाननदीकाठ:
नाही. बोअर मारून शेजारच्याचं पाणी खेचायचं आणि ही विहीर मारायची, हे मी कुणालाही सांगणार नाही.

रामबागकर:
इथे इंदूरचीच गोष्ट सांगतो. 1924 पासून अल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत काम करत होते. काडीकचरा, शेण, माती यांचे थर रचून कंपोस्ट करायची त्यांची पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. तसं खत घातलेली माती ओल जास्त धरते.

बागवाली:
हे उपयोगाचं आहे, पण खत मुरायला महिने लागतात. मिरची आज माना टाकते आहे. दादा, आज तुम्ही एवढं करा: वांगी-मिरचीच्या बुंध्याशी सोयाबीनचा भुसा किंवा गव्हाचा काड चार बोटं जाड पसरा, पाणी उजाडताना नाहीतर संध्याकाळी द्या, आणि वाफा भरून न देता बुंध्याशीच द्या. गिलकीच्या मुळाशी तळाला छिद्र पाडून कापडाची वात घातलेला माठ पुरा.

पायडलवाला:
माठाला भोक पाडायची गरज नाही, कच्चा भाजलेला माठ तसाच झिरपतो.

बागवाली:
आमच्याकडे वातीनंच करतात आणि ते चालतं.

सिमरोलवाला:
भुसा आहे घरी, आजच पसरतो. रविवारी खांब उपसून मुरमापर्यंत खणणार. साडेबावीस फुटांचा सरळ निलगिरीचा वासा इंदुरात कुठे मिळेल? आणि बांबू भरीव हवाय, पोकळ नको.

खाननदीकाठ:
लाकडाच्या टालीवर विचारा, पण जाताना दोरी घेऊन जा आणि वासा दोन्ही टोकांना धरून सरळ आहे का ते बघा. ओला घेऊ नका, वाळताना वाकतो.

मोटकरी:
एवढा लांब वासा आणणारच असाल तर तेवढ्या लाकडात मोटेचं चाक आणि चौकट होते. बैल मी महिनाभर देतो, माझे हातोदला आहेत. व्यक्तिगत निरोप टाका.

सिमरोलवाला:
काका, निरोप टाकला आहे. बैल नकोत, पण नाड्याचा दोर असेल तर द्या.