बेस गिटारच्या पिकअपची उंची : ‘जी’ (G) तार दबतेय, मदत हवी आहे

चार तारांचा जॅझ प्रकारचा बेस आहे, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेची कंपनं टिपणारे, चुंबक आणि एकच वेटोळं असलेले भाग). सगळ्यात जाड ई तार घुमते आणि सगळ्यात बारीक जी तार मात्र बँडमध्ये ऐकूच येत नाही. म्हणून जी तारेच्या बाजूचे स्क्रू फिरवून पिकअप वर घेतला. आवाज वाढला, पण आता बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या) वर सूर थरथरतो, एकाच सुरात दोन सूर भांडल्यासारखे. चुंबक तारेला ओढतंय असं वाटतंय, कारण पिकअप जरा खाली नेला की थरथर जाते. जी तारही पुन्हा दबते, हीच पंचाईत!

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजलं तर जी तार आणि पोलपीस (पिकअपमधला तारेखालचा चुंबकाचा खुंट) यांत जेमतेम २ मिलिमीटर अंतर आहे, ई तारेखाली ३. ब्रिजजवळ (तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे) तार कमी हलते, त्यामुळे तिथला पिकअप जवळ ठेवता येतो हे कळतं. मग जी तारेची कसर त्याच पिकअपवर भरून काढावी, की ई तारेची बाजूच अजून खाली न्यावी? मला दुसरा मार्ग बरा वाटतो, पण नेकजवळचा (मानेकडचा) पिकअप स्क्रू आवळला तरी खाली बसत नाही. पिकअपला खालून वर रेटणारा फोम कडक झाला असेल का? बदलायचा तर किती जाड घ्यावा? तारा नव्या आहेत, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) आधीच लावून घेतलंय.