चालू डाव मोडायचा का?

सोंगटी
आमचं पंधरा-वीस जणांचं टोळकं दर दुसऱ्या शनिवारी पटावरचे खेळ खेळायला जमतं. सभासदत्व नाही, वर्गणी नाही. निरोपात दरवेळी लिहितो, "कोणीही या." मागे एका खेपेला एक जण खरंच आला. पावणेसहाला. तोवर आमचे पट मांडून झाले होते. एका टेबलावर कटान, म्हणजे पत्ते जमवून पटावर वस्त्या-रस्ते उभारायचा खेळ, चौघं. दुसऱ्यावर तीन तास चालणारा एक जडजंबाल खेळ. सगळ्यांनी माना वर करून "या, बसा" म्हटलं आणि पुन्हा पटात डोकी घातली.

तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. थोड्या वेळाने त्याने खोक्याचं झाकण उचलून मागचा मजकूर वाचला. मग नियमपुस्तिका. मग माझ्या कोपराने विस्कटलेली मेंढ्यांच्या पत्त्यांची थप्पी नीट रचून दिली. साडेसातला "मजा आली" म्हणून गेला. तो डाव मी जिंकले, हेही सांगून टाकते. पुढच्या दोन खेपांना तो आलेला नाही.

माझं म्हणणं: पहिल्या तासात अर्ध्या तासाहून लांब खेळ मांडायचाच नाही. आणि तरीही नवा माणूस ताटकळत बसला, तर एक टेबल मोडायचं. आमच्यात यावरून जुंपली आहे. तुमच्याकडे काय करता?

अडीचघर
साफ चूक. चालू डाव मोडणं हा खेळणाऱ्यांचा अपमान आहे. दोन आठवडे वाट पाहून माणूस येतो, पन्नास मिनिटं घालवून वस्त्या, रस्ते उभे करतो, आणि आता पट गोळा करा? डिप्लोमसी या खेळाला सात भिडू लागतात आणि अख्खा दिवस जातो. आठवा आला म्हणून सातांनी उठायचं? वेळेवर यावं की. तुमची वेळ साडेपाचची असेल तर पावणेसहाला आलेल्याने डाव संपेपर्यंत थांबावं, यात कसला अन्याय?

उलटा पत्ता
@अडीचघर, पहिल्यांदा येणारा माणूस मुद्दामच थोडा उशिरा येतो हो. रिकाम्या खोलीत अनोळखी लोकांशी काय बोलायचं या धास्तीने. मी स्वतः एका अशाच बैठकीबाहेर जिन्यात दहा मिनिटं उभी होते.

"या, बसा" हे सगळ्यात वाईट. कुठे बसू? किती वेळ? "आमचं चाळीस मिनिटांत आटपेल, मग तुला घेऊन नवा डाव मांडू" एवढं कोणी म्हणालं असतं तरी मी आनंदाने बघत बसले असते.

तिरकी चाल
मोडू नका, फक्त खेळ नीट निवडा. कटान १९९५ चा, मूळ खोक्यात तीन ते चारच भिडू. पाच-सहांसाठी पुरवणी वेगळी घ्यावी लागते. म्हणजे पाचवा आला की तो बाहेर, हे खोक्यावरच लिहिलंय! त्याउलट कोडनेम्स. पंचवीस शब्द मांडायचे, दोन गट, प्रत्येक गटातल्या एकाने सूचक शब्द द्यायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. पंधरा-वीस मिनिटांत निकाल, आणि मध्येच आलेला कुठल्याही गटात शिरतो.

अडीचघर
आणि ज्यांना शब्दांचे खेळ आवडत नाहीत त्यांनी?

तिरकी चाल
त्यांनी पंधरा मिनिटं सोसावं. नवा माणूस दीड तास सोसतोच आहे.

फासेपारधी
मग सहकाराचे खेळ घ्या ना! पँडेमिकमध्ये सगळे मिळून रोगांशी लढतात, कोणी कोणाला हरवत नाही.

उलटा पत्ता
पँडेमिक म्हणजे माझ्यासाठी "ताई, तुम्ही आता इकडे जा आणि हा पत्ता त्याला द्या." पट एकाच्या डोक्यात, हात माझे. हनाबी त्यापेक्षा बरा. आपले पत्ते तोंड बाहेर करून धरायचे, म्हणजे इतरांना दिसतात, आपल्याला नाही. कोणी काय सांगायचं त्यावरही मर्यादा, त्यामुळे सर्वज्ञांची वाचा बंद.

गल्लीतला भिडू
लहानपणी आपल्याकडे सोय होती: लिंबूटिंबू. धाकटं भावंड आलं की खेळात घ्यायचं, पण आउट झालं तरी त्याच्यावर राज्य नाही. नव्यांना पहिल्या डावाला लिंबूटिंबू करा.

अडीचघर
मोठ्या माणसाला लिंबूटिंबू करणं म्हणजे त्याला खेळात न घेण्याचाच सभ्य प्रकार. मला कोणी मुद्दाम जिंकू दिलं तर मी परत जाणार नाही. गो या खेळात हे किती स्वच्छ आहे बघा. कच्च्या भिडूने सुरुवातीलाच दोन ते नऊ सोंगट्या पटावर ठेवायच्या आणि मग दोघांनीही जीव तोडून खेळायचं. सवलत उघड, नाटक नाही.

सोंगटी
हे मात्र पटलं. (तुमच्याशी कशावर तरी एकमत होईल असं वाटलं नव्हतं.)

फासेपारधी
साठच्या दशकात अमेरिकेत स्ट्युअर्ट ब्रँड नावाच्या लेखकाने पृथ्वीचं चित्र रंगवलेला भलाथोरला चेंडू लोकांच्या गर्दीत सोडला. दोन बाजू, चेंडू पलीकडच्या रेषेपार ढकलायचा. तर चेंडू रेषेजवळ आला की जिंकत आलेल्या बाजूचेच लोक पळत जाऊन हरणाऱ्यांना मिळायचे. खेळ संपू नये म्हणून! १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात न्यू गेम्स टुर्नामेंट भरली, तिचं मूळ अशा खेळांत होतं. खेळणाऱ्यांपेक्षा पट मोठा नसतो हो.

अडीचघर
चेंडू ढकलायला पन्नास मिनिटं डोकं लावावं लागत नाही. उद्या बुद्धिबळात हरायला लागलो की मीही समोरच्याच्या बाजूला जाऊन बसतो.

गल्लीतला भिडू
बरं, लिंबूटिंबू राहू दे, राज्य घ्या. दर खेपेला एकावर राज्य. त्याने पहिला तासभर लांब खेळात बसायचं नाही. दार उघडलं की उठायचं, नाव विचारायचं, छोटा खेळ मांडायचा. नियम पाच मिनिटांत सांगायचे. बाकीचे खेळता खेळता. बाकी टेबलं अखंड चालू द्या.

अडीचघर
हे चालेल. कोणाचा डाव मोडत नाही. पण नावं ठरवूनच ठेवा, कारण आपणहून राज्य घेणारा मी आजवर पाहिलेला नाही.

सोंगटी
राज्यवाला आणि नवा, अशा दोनच जणांचं टेबल कसं चालवायचं हा प्रश्न राहतोच. दोघांत कोडनेम्सची मजा नाही. पण हरकत नाही, दोघांचे खेळही आहेत. येत्या शनिवारी राज्य माझ्यावर.

तिरकी चाल
आणि नवं कोणी आलंच नाही तर तासभर काय करणार?

सोंगटी
खोक्याचं झाकण वाचेन.